पाड्यावर संशोधन करायचं, तर संशोधकही पाड्यात घडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवरील आरोग्य संशोधन

पावसाळा सरला की शहापूर, मुरबाड, भिवंडी तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर सर्वेक्षणांची वर्दळ सुरू होते. कळव्यापासून नेरूळ-कामोठ्यापर्यंत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल असं आदिवासी क्षेत्र इतकं जवळ दुसरीकडे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध, संस्थांच्या पाहण्या, कंपन्यांच्या सीएसआरची (सामाजिक जबाबदारीच्या कामांची) ‘बेसलाइन’ म्हणजे सुरुवातीची पाहणी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, कुपोषणाची मोजणी असं सगळं रस्त्याला लागून असलेल्या त्याच त्या पाड्यांच्या वाट्याला येतं. डांबर संपलं की सर्वेक्षणही संपतं. कोण आलं, काय विचारलं, कुणाचं किती रक्त नेलं आणि पुढे त्याचं काय झालं, याची एकत्र नोंद पाड्यातही नसते आणि तालुक्यालाही नसते.

या विषयावर चर्चा निघाली की ती ‘आदिवासींच्या संस्कृतीचा आदर राखा’ इथे सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. आदर प्रस्तावात लिहायला सोपा आहे. अंदाजपत्रकात त्याचं लेखाशीर्ष नसतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की, ज्या पाड्यावर संशोधन करायचं तिथल्या चार-पाच माणसांना तो प्रस्ताव वाचता येईल, त्यावर प्रश्न विचारता येतील, गरज पडली तर नकार देता येईल आणि पुढे स्वतःची पाहणी स्वतः करता येईल, इतकी तयारी आधी झाली पाहिजे. त्यासाठी पैसा आणि वेळ वेगळा काढून ठेवला पाहिजे.

नियम नाहीत अशातला भाग नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आदिवासींना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत धरतात आणि पाटलाची, सरपंचाची किंवा मुख्याध्यापकाची परवानगी म्हणजे व्यक्तीची संमती नव्हे, हेही स्पष्ट करतात. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनंतर आरोग्य संशोधन तपासणाऱ्या नीतिसमित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. समितीत ७ ते १५ सदस्य, त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक समाजशास्त्राचा आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. हा सामान्य नागरिक बहुधा महाविद्यालयाच्या आसपासचा एखादा निवृत्त शिक्षक किंवा बँक अधिकारी असतो. माणूस सज्जन असतो, प्रश्नही बरे विचारतो. पण कातकऱ्यांच्या रक्ताच्या नमुन्यांचा प्रस्ताव टेबलावर असताना टेबलाभोवती कातकरी एकही नसतो. संबंधित समाजाचा प्रतिनिधी निमंत्रित म्हणून बोलावण्याची मुभा आयसीएमआरच्या याच तत्त्वांत आहे. ती वापरली जात नाही, कारण बोलावणार कुणाला, हा प्रश्न पडतो. प्रस्ताव वाचायची सवय असलेला माणूस पाड्यातून घडवायचं काम कुणीच केलेलं नसतं.

ग्रामसभेचंही तसंच. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानुसार एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह हेच गाव मानता येतं आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावं आहेत. पेसात आरोग्य संशोधनाचा वेगळा उल्लेख नसला तरी आपल्या चालीरीती आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, आणि संशोधन त्या दोन्हींना हात घालतं. व्यवहारात होतं असं, की ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सरपंच आणि ग्रामसेवकाची सही-शिक्का घेतला जातो आणि त्यालाच ‘सामुदायिक परवानगी’ म्हणतात. गावठाणातल्या कार्यालयाला दोन-तीन किलोमीटरवरच्या कातकरवाडीत काय चाललंय याची गंधवार्ता नसते.

याहून अवघड जागा शहरात आहे. येऊरचे पाडे ठाणे महापालिकेत येतात, दिघा-रबाळ्याकडचे नवी मुंबई महापालिकेत. तिथे पेसा नाही, ग्रामसभा नाही. नगरसेवक आहे, पण तो हजारो मतदारांचा. शहरातल्या महाविद्यालयांना हे पाडे सर्वांत जवळचे, म्हणून सर्वेक्षणंही तिथे जास्त. अशा ठिकाणी पाड्याची बैठकच भरवावी लागते. ती संध्याकाळी सातनंतर, कामावरून माणसं परतल्यावर, निदान दोनदा. पहिल्या बैठकीत संशोधकाने सांगायचं आणि उठून यायचं. दुसरी बैठक मध्ये तीन-चार दिवस जाऊ देऊन, आणि तिचा पहिला अर्धा तास संशोधक हजर नसताना. बायकांची वेगळी बसवावी लागते. मिश्र बैठकीत त्या बोलत नाहीत आणि बाळंतपण, पांढरं जाणं, दारूची मारहाण हे विषय तर निघतच नाहीत.

आता संमतीपत्राकडे वळू. इंग्रजीत लिहिलेलं सात-आठ पानी पत्रक भाषांतर होऊन ‘सदर संशोधनातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून’ असं मराठीत येतं. ते शहरातल्या पदवीधरालाही कळत नाही, मग वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या, शाळेत न गेलेल्या बाईचं काय? उपाय माहीत असलेला आहे. मजकूर त्या बोलीत बोलून घ्यायचा, चार-पाच मिनिटांची ध्वनिफीत करायची आणि ती दुसऱ्या पाड्यातल्या माणसांना ऐकवून त्यांच्या तोंडून मराठीत परत मांडून घ्यायची. जिथे अर्थ सुटतो तिथे फीत बदलायची. घरात ती ऐकवल्यावर पाच प्रश्न विचारायचे : माझ्याकडून काय घेणार, ते कुठे जाणार, मी नाही म्हटलं तर चालेल का, नाही म्हटल्यावर रेशन, अंगणवाडीचा आहार किंवा कुठल्या योजनेचे पैसे बंद होतील का, आणि तक्रार असेल तर फोन कुणाला करायचा. पाचांतलं एक जरी उत्तर चुकलं तर अंगठा घ्यायचा नाही, फीत पुन्हा लावायची. सर्वांत जास्त चुकतं ते चौथं. फॉर्म दिसला की योजना आली असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण एरवी पाड्यात येणारा प्रत्येक फॉर्म घरकुलाचा, जातीच्या दाखल्याचा किंवा बँकेच्या खात्याचा असतो. त्यामुळे संशोधकाचं पहिलंच वाक्य ‘ही योजना नाही, यातून काही मिळणार नाही’ हे हवं.

साक्षीदार कोण, हेही बघायला हवं. निरक्षर व्यक्तीच्या अंगठ्याला निःपक्ष साक्षीदार लागतो. सोय म्हणून अंगणवाडी सेविका, आशा किंवा पोलीस पाटलाची सही घेतली जाते. या तिघांच्याही हातात त्या घराचं काही ना काही अडकलेलं असतं. पाड्यातल्याच, पण संशोधनाशी आणि कुठल्याही शासकीय मानधनाशी संबंध नसलेल्या माणसाची साक्ष घ्यावी. सरकारी जीपमधून उतरू नये, पांढरा कोट घालून फिरू नये, हे खरं तर सांगायला लागू नये.

आश्रमशाळांबाबत तर फार जपायला हवं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा अभ्यास झाला. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या ७२ व्या अहवालात नोंदवलं की आंध्रात तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस चांगली की वाईट, हा तिथे मुद्दाच नव्हता. आईबापांना विचारलं गेलं नव्हतं. आपल्याकडच्या आश्रमशाळांत आजही परिस्थिती तशी घडायला पोषक आहे. मुलं शाळेत, आईबाप भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर, आणि अभ्यासाची मुदत मार्चअखेर. मग मुख्याध्यापकांची सही पुरेशी वाटू लागते. ती पुरत नाही. ७ ते ११ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार आणि १२ च्या पुढच्यांचा लेखी होकार हा आईबापांच्या संमतीच्या जोडीला लागतो, बदल्यात चालत नाही. आईबाप हमखास भेटतात ते जूनमध्ये मुलं सोडायला येतात तेव्हा आणि दिवाळीच्या सुट्टीला न्यायला येतात तेव्हा. वेळापत्रक त्यावर बसवायला हवं.

वेळापत्रकाचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगितलेलं बरं, कारण ठाणे जिल्ह्यातले बरेच अभ्यास इथे फसतात. जून-जुलैत आवणी म्हणजे भाताची लावणी असते. सकाळी सातला घराला कुलूप लागतं ते संध्याकाळीच उघडतं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरमध्ये बाळांची वजनं घेऊन जानेवारीत पुन्हा घ्यायला गेलं तर पाड्यात उरतात ती म्हातारी माणसं आणि जी कुटुंबं त्यातल्या त्यात बरी आहेत ती. सर्वांत गरीब घरं गळतात, सरासरी आपोआप सुधारते आणि अहवालात ‘हस्तक्षेपाचा सकारात्मक परिणाम’ असं छापून येतं. यावर इलाज एकच. कुठलं कुटुंब कुठल्या भट्टीवर जाणार, मुकादम कोण, याची यादी दिवाळीआधी करून ठेवायची आणि दुसरी फेरी भट्टीवर घ्यायची. ही यादी परक्याला कुणी देत नाही. पाड्यातली मुलगी ती एका संध्याकाळी करून आणते.

म्हणून स्थानिक संशोधक. इथे ‘सर्वेक्षक’ अभिप्रेत नाही. सर्वेक्षक नेमणं सगळ्यांना येतं : बारावी झालेली दोन मुलं, दर फॉर्ममागे ठरावीक रक्कम, एक दिवसाचं प्रशिक्षण. फॉर्ममागे पैसे ठरले की फॉर्म झाडाखाली बसून भरले जातात. हे ओळखताही येतं. रक्तदाबाचे आकडे शून्यात संपू लागतात, वयं २५, ३०, ३५, ४० अशी येतात, एका दिवसात एकाच जोडीने पंधरा घरं केलेली दिसतात. त्या मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही; पैसे देण्याची पद्धत त्यांना तेच करायला लावते.

नीट करायचं तर हिशोब साधारण असा बसतो. सहा पाडे, ३०० घरं, एका वर्षाचा अभ्यास. चार स्थानिक संशोधक, त्यांत निदान तीन बायका, आणि एक पर्यवेक्षक. महिन्याचं ठरलेलं मानधन, फॉर्मवर नाही. प्रशिक्षण पंधरा कामाचे दिवस, तेही पगारी. दोघांची जोडी दिवसाला चार घरं नीट करते, म्हणजे दोन जोड्यांना ३०० घरांना सुमारे ३८ दिवस. कुलूपबंद घरं, बाजाराचा दिवस, मयत, लग्नं धरून दहा आठवडे. दर दहा घरांमागे एका घरी पर्यवेक्षकाने पुन्हा जाऊन तीन-चार प्रश्न आणि एक मोजमाप परत घ्यायचं. शिक्षणाची अट दहावीपेक्षा वर नेऊ नये. कातकरी समाजात ती अट वर नेली की उमेदवार दुसऱ्याच समाजातले मिळतात आणि पुन्हा परकेपणा येतो.

त्या पंधरा दिवसांत काय शिकवायचं? पहिले तीन दिवस फक्त संशोधन म्हणजे काय, ते शिबिर आणि योजना यांच्यापासून वेगळं कसं, आणि नकार आला तर ‘बरं’ म्हणून उठायचं कसं. पुढचे पाच दिवस मोजमाप. दंडाचा घेर मोजायची पट्टी घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी जरा आवळली की मूल एका गटातून दुसऱ्यात जातं. प्रत्येकीने दहा मुलांचा दंड दोनदा मोजायचा, पहिला आकडा झाकून. दोन मोजमापांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक येत असेल तर ती अजून तयार नाही. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं. वजनकाटा रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासायचा. आणि मुलाच्या कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत, हातातलं कडं काढायला लावायचं नाही. भगताने बांधलेला दोरा काढायला लावला की ती आई पुढच्या वेळी दार उघडत नाही. तसंच कडं आणि तसाच ताईत एकदा वेगळा तोलून ठेवायचा, मुलाच्या अंगावर काय होतं ते लिहायचं आणि नंतर तेवढे ग्रॅम वजा करायचे. पाठ्यपुस्तकात ‘कमीत कमी कपड्यांत’ एवढंच असतं. ही युक्ती पाड्यातल्या बायकांना आपसूक सुचते.

वयाचंही तेच. जन्मतारीख विचारून उपयोग नसतो. आवणीच्या आधी की नंतर, होळीला पोटात होतं की मांडीवर, म्हसाच्या जत्रेला कडेवर नेलं होतं का, असं विचारत गेलं की महिना सापडतो. मोठ्यांसाठी ७२ चा दुष्काळ, २००५ चा जुलैतला पूर, २०२० ची टाळेबंदी. ‘गेल्या पंधरा दिवसांत जुलाब झाले का’ या प्रश्नाला उत्तर हवं असेल तर ‘मागच्या दोन बाजारांपासून’ असं विचारावं. आठवडी बाजार चुकत नाही.

आहाराच्या पाहणीत सर्वांत जास्त गफलत होते. चोवीस तासांत काय खाल्लं याच्या छापील यादीत पोळी, वरण, भात, दूध, अंडी असतात. शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, कंटोळी, खेकडे, ओढ्यातले मासे, करांदे यांना ‘इतर’ हा रकाना. मग निष्कर्ष निघतो की आहारात भाज्या आणि प्रथिनं नाहीत. उंदीर, घूस यांबद्दल तर कातकऱ्यांना शतकभर हिणवलं गेलंय. ते परक्या माणसापुढे, त्यातून शेजारच्या समाजाचं कुणी उभं असताना, कुणी कशाला सांगेल? घरातलीच वाटी आणि डाव घेऊन त्यात पाणी भरून मापाने मोजायचं, भाकरी असेल तर एक तोलायची, आणि हे विचारणारी त्याच समाजाची असायची. एवढं केल्यावर यादी कशी भरते ते पाहावं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झालेली असते, तेव्हाची पाहणी वेगळी आणि पौषातली वेगळी, हेही ध्यानात ठेवायला हवं.

उरलेल्या दिवसांत माहिती भरणं, साधं कोष्टक वाचणं, टक्का काढणं. हे टाळलं जातं, ‘त्यांना काय कळणार’ म्हणून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन, तापमान, श्वासाची गती मोजायला आणि न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्यामुळे कळण्याचा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे.

रक्ताच्या नमुन्यांबद्दल थोडं सविस्तर. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, त्यामुळे तपासण्या आणि त्यांच्या आडोशाने येणारी संशोधनं वाढणार. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. बोटातून रक्ताचा थेंब, द्रावण गढूळ झालं तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ती व्यक्ती नुसती वाहक आहे की रुग्ण, हे त्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी शिरेतून दोनेक मिलिलिटर रक्त घेऊन एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर पहिली चाचणी विश्वासाची नाहीच. मधल्या काळात घरी चिठ्ठी येते ती नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ची, तीही शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर नाव पुकारून. वाहक मुलगी धडधाकट असते, तिला औषध लागत नाही; पण चिठ्ठीवरून सोयरीक मोडू शकते. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, एवढं वाक्य नीट समजावून सांगायला समुपदेशक लागतो, आणि तो बोली जाणणारा लागतो. पक्क्या चाचणीची सोय आणि समुपदेशक हाताशी नसतील तर गढूळ-स्वच्छ तपासणीला हातच घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रक्तक्षयाच्या अभ्यासालाही हाच न्याय : हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं तर त्याच दिवशी गाडी आणि सोबत कोण, हे आधी ठरलेलं हवं.

उरलेल्या नमुन्याचं काय करायचं, याला संमतीपत्रात वेगळी ओळ आणि वेगळा अंगठा हवा. अमेरिकेत अॅरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. ते पुढे स्किझोफ्रेनिया आणि समाजाच्या मूळ स्थलांतरावरच्या अभ्यासांना वापरलं गेल्याचं उघड झालं. २०१० मध्ये तो अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत द्यावे लागले. अमेरिकेतल्याच नवाहो आदिवासींच्या स्वशासित ‘राष्ट्रा’ने १९९६ मध्येच स्वतःचं संशोधन परीक्षण मंडळ काढलं होतं, २००२ मध्ये जनुकीय संशोधनावर बंदी घातली. कॅनडात माँट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक आदिवासींच्या वस्तीत १९९४ पासून शाळांमधला मधुमेह-प्रतिबंधाचा प्रकल्प समाजाच्या स्वतःच्या संशोधन संहितेनुसार चालतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये आपली संहिता जाहीर केली. या समाजांची सत्ता आणि कायदे वेगळे आहेत, ते उचलून शहापूरला लावता येणार नाहीत. पण सगळीकडे एक गोष्ट समान आहे : आधी माणसं तयार झाली, मग संहिता.

निष्कर्ष परत देण्याबाबत दोन सूचना. अहवाल पाड्यात आधी, नियतकालिकात नंतर. दोन पानं मराठीत, आकड्यांऐवजी चित्रं, आणि समक्ष बैठक, शेवटच्या घरानंतर तीन महिन्यांच्या आत. दुसरी, पाडा तीस घरांचा असतो. ‘अमुक पाड्यातील २४ वर्षीय कातकरी महिला, क्षयरोग’ एवढं छापलं की नाव छापायची गरजच उरत नाही. पाचपेक्षा कमी माणसं असलेला आकडा प्रसिद्ध करू नये. इथे वृत्तपत्रांनाही विनंती आहे : ‘कुपोषणग्रस्त’ म्हणून पाड्याचं नाव आणि उघड्या मुलाचं छायाचित्र देऊ नका, पाड्याने बैठक घेऊन तसं सांगितलं नसेल तोवर.

जिल्ह्याचे आकडे वापरताना आणखी एक सावधगिरी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या ‘ठाणे’त जव्हार-मोखाडाही आहेत. त्यामुळे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीतल्या ठाण्याची तुलना करून सुधारणा झाली म्हणणं चूक आहे. उरलेल्या ठाण्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबईची लोकसंख्या इतकी मोठी की जिल्ह्याच्या सरासरीत पाडे दिसेनासे होतात. पाड्यांनी स्वतःचे आकडे स्वतः ठेवावेत याचं हेही एक कारण.

औषधी वनस्पतींचं ज्ञान नोंदवणाऱ्या अभ्यासांबद्दल थोडक्यात : गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवल्याशिवाय भगत आणि सुईणींकडून नावं काढून ती छापू नयेत.

आता मागणी. आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्प कार्यालयाने आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांनी एक संशोधन नोंदवही सुरू करावी, तिची प्रत ग्रामपंचायतीत आणि पाड्यात. रकाने आठ पुरतात : संस्था, नीतिसमितीचा मंजुरी क्रमांक, विषय, पाडा, काय घेतलं, नमुने कुठे आणि कधीपर्यंत, जबाबदार माणसाचा फोन, अहवाल दिल्याची तारीख. शेवटचा रकाना कोरा असलेल्या संस्थेला पुढची परवानगी नाही. वर्षभरात एका पाड्यावर दोनपेक्षा जास्त अभ्यास नाहीत. आपल्या परिसरातल्या नीतिसमित्यांनी मिळून दरवर्षी दहा-बारा आदिवासी स्त्री-पुरुषांना प्रस्ताव वाचायचं प्रशिक्षण द्यावं आणि पाड्यावरचा प्रत्येक प्रस्ताव त्यांच्यापैकी दोघांना बोलावूनच तपासावा. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी देऊन. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने वारली, कातकरी, ठाकरी बोलींतल्या संमतीच्या ध्वनिफितींचा संग्रह करावा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला नव्याने धडपडावं लागणार नाही. निधी देणाऱ्यांनी स्थानिक संशोधकांचं मानधन आणि प्रशिक्षण हे वेगळं लेखाशीर्ष धरावं. आणि मोजमाप ज्यांनी केलं त्यांची नावं शोधनिबंधात लेखक म्हणून यावीत, आभारात नव्हे.

हे यंदापासून करायचं तर प्रस्ताव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे यायला हवेत. म्हणजे त्यांचा दोन पानी मराठी सारांश गणपतीआधी पाड्यात पोहोचला पाहिजे. दिवाळी उलटल्यावर तो वाचायला निम्मी माणसं तिथे नसतील.

आपले,
आरोग्य संशोधन आणि नीतिसमित्यांच्या कामाशी संबंधित काही नागरिक,
ठाणे व नवी मुंबई